एन-जॉय मनी प्लांट, टांगत्या कुंडीसकट: वेल झकास, कुंडीचं मात्र बघावं लागतं

आधी पानं नीट बघून घ्या. एन-जॉय ही ‘मार्बल क्वीन’ या मनी प्लांटच्या जातीमधूनच निघालेली जात, त्यामुळे लेबलांची अदलाबदल सर्रास होते. मार्बल क्वीनच्या पानावर पांढरा रंग शिंतोडे उडाल्यासारखा सगळीकडे असतो. एन-जॉयचं पान लहान, पांढरा आणि हिरवा भाग वेगळा, दोन्हींमधली कड स्पष्ट. पांढऱ्यात बारीक हिरवे ठिपके असतील तर ती ‘पर्ल्स अँड जेड’. तीही देखणी, पण तुम्ही मागवली ती नव्हे. दोन पेरांमधलं (पान फुटतं त्या गाठींमधलं) अंतर कमी असलेली, एका कुंडीत पाच-सहा फुटवे असलेली वेल निवडा. लांबलचक एकच वेल लोंबताना फोटोत छान दिसते, घरी आल्यावर वरून टक्कल पडतं.

वेल म्हणून हिला पैकीच्या पैकी गुण. तक्रार आहे ती सोबत येणाऱ्या सामानाची. बहुतेक ठिकाणी ती नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावलेली असते. ते वरून कोरडं दिसतं आणि तळाशी ओलं राहतं. एकदा पूर्ण सुकलं की पाणी आत न मुरता कडेकडेनं निघून जातं. त्यात टांगत्या कुंडीला खाली घट्ट बसवलेली बशी. तिच्यात साचलेलं पाणी वरून दिसतच नाही. खालची पानं पिवळी पडू लागली, देठ बुडाशी मऊ काळा झाला, की मुळं कुजली असं समजा. लोक अशा वेळी पाणी कमी पडलं समजून आणखी घालतात!

म्हणून आणल्यावर आठ-दहा दिवस तशीच राहू द्या, मग कुंडी बदला. चार भाग कोकोपीट, तीन भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), दोन भाग गांडूळखत, एक भाग कोळशाचे बारीक तुकडे. कुंडी फक्त एका इंचानं मोठी. बशी काढता येत असेल तर पाणी घालताना काढा आणि पूर्ण निथळल्यावरच पुन्हा लावा.

पाण्याला वार ठरवू नका. बोट दीड-दोन इंच आत घाला किंवा कुंडी उचलून बघा. हलकी लागली तरच पाणी. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे ही साध्या मनी प्लांटपेक्षा सावकाश वाढते आणि पाणीही कमी ओढते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात आठ-दहा दिवस सहज जातात.

उजेडावर सगळा रंग अवलंबून. पूर्वेच्या खिडकीपासून तीनेक फुटांवर उत्तम. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेचं ऊन थेट आलं की पांढरा भाग तपकिरी होऊन कुरकुरीत होतो, आणि तो परत भरून येत नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात नवी पानं हिरवी येऊ लागतात. अशी फांदी शेवटच्या रंगीत पानाच्या लगेच पुढे, शेंड्याकडच्या बाजूला कापायची, नाहीतर जोमदार हिरवी फांदी बाकीच्यांना मागे टाकते. अगदी पांढरीफेक फांदीही ठेवू नका. ती दुसऱ्यांच्या जिवावर जगते.

कापलेले तुकडे फेकू नका. प्रत्येकाला एक पेर आणि एक पान हवं. पेर पाण्यात, पान बाहेर. तीन-चार दिवसांनी पाणी बदला. साधारण दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात, ती दोन इंचांची झाली की त्याच कुंडीत वरच्या रिकाम्या जागी लावा. टक्कल असंच भरतं.

खत उन्हाळा-पावसाळ्यात महिन्यातून एकदा, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम. पेरांच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसा, मग लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब घालून संध्याकाळी फवारा.

घरात मांजर, कुत्रं किंवा रांगतं मूल असेल तर मात्र वेल हाताला-तोंडाला लागणार नाही इतकी उंच टांगा. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, चावल्यास तोंड-घसा जळजळतो. विकणारे हे सहसा सांगत नाहीत.