खणांचे प्लॅस्टिक डबे: झाकण कापा, मग खरे कामाचे

स्क्रू, नट, वायसर, रेझिस्टर असलं बारीकसारीक सामान ठेवायला ते पारदर्शक खणांचे डबे मिळतात ना, आतल्या पट्ट्या काढ-घाल करता येणारे, त्यांच्याबद्दल लिहितोय. नुसता डबा म्हणून विचाराल तर ठीकठाक. पण झाकण उडवून त्याचाच ड्रॉवर केला आणि घरी ठोकलेल्या प्लायच्या रॅकमध्ये सरकवला की मग मजा आहे.

आधी तक्रारी. सगळ्यात वैताग त्या पट्ट्यांचा. त्या तळाला नीट टेकतच नाहीत, खाली केसभर फट राहते, आणि एम३ चा (म्हणजे ३ मिमी व्यासाच्या स्क्रूचा) वायसर असतो फक्त अर्धा मिलिमीटर जाड, त्यामुळे डबा आडवा-उभा झाला की वायसर गुपचूप शेजारच्या खणात आणि मग बसा निवडत. एम६ चा वायसर १.६ मिमी जाड, तो कुठे जात नाही. उपाय सोपा आहे, पट्टीच्या खालच्या कडेला ग्लू गनने बारीक रेघ ओढायची. डब्याच्या पॉलिप्रॉपिलीन (पीपी) प्लॅस्टिकला ग्लू तसाही कायमचा धरत नाही, त्यामुळे पुढे मांडणी बदलायची झाली तर नखाने सोलून निघतो.

पॉलिप्रॉपिलीनवरून आठवलं, घेताना डबा उलटा करून बघाच. त्रिकोणात ५ किंवा पीपी असेल तर डोळे झाकून घ्या, ६ किंवा पीएस असेल तर राहू द्या. पीएस म्हणजे पॉलिस्टायरीन, दिसतं काचेसारखं चकचकीत पण टेबलावरून पडलं की कोपरा गेलाच, आणि थिनर किंवा अ‍ॅसिटोन सांडलं तर विरघळतं. दुधट दिसणारा पीपी दिसायला गरीब पण चिवट.

आता रॅक. बाजूंना १२ मिमी प्लाय, मागे ६ मिमी. मागची प्लाय नाही लावली तरी चालेल असं वाटतं पण तीच पेटीला काटकोनात धरते, नाहीतर रॅक तिरका होतो आणि डबे अडकायला लागतात. ड्रॉवरची चॅनल वगैरे काही नको, डब्याच्या वरच्या काठाला बाहेर आलेली कड असेल तर बाजूच्या प्लायला लाकडी पट्ट्या मारा आणि त्यांवर कड टेकवून डबा लटकवा. रुंदीत डब्यापेक्षा २-३ मिमी जास्त ठेवायचे, बस. दोन्ही बाजूंच्या प्लाय एकत्र शिकंज्यात धरून गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) एकाच वेळी खुणा करा, वेगवेगळं मोजत बसलात तर एक बाजू वर एक खाली होणारच.

वजनाचं मात्र भान ठेवा. लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट जड, गच्च भरलेला डबा कडेवर लटकवला तर कड वाकते आणि डबा धाडकन खाली. नट-बोल्टच्या डब्यांना खालून पूर्ण फळी द्या आणि ते सगळ्यात तळाला ठेवा. लटकवायचे ते हलके, कपॅसिटर, एलईडी, ओ-रिंग असले. आयसी (चिप) आणि मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) मात्र साध्या प्लॅस्टिकमध्ये सुटे टाकू नका, स्टॅटिक विजेने मरतात, आधी अँटिस्टॅटिक पिशवीत आणि मग खणात.

थ्रीडी प्रिंटरवाले म्हणतील ग्रिडफिनिटी कर, म्हणजे ठरलेल्या मापाच्या जाळीत बसणारे कप प्रिंट करायची पद्धत. चांगलीच आहे ती, ४२ मिमीचा चौकोन आणि उंची ७-७ मिमीने वाढणारी, कुठलाही कप कुठेही बसतो, फाइलीही फुकट. पण भिंतभर सामान असेल तर प्रिंटर रात्रंदिवस चालवायची तयारी पाहिजे. मला टेबलाच्या खणापुरती ती पटते, रॅकसाठी हे डबेच.

तयार मिळणाऱ्या प्लॅस्टिक ड्रॉवरच्या कॅबिनेटपेक्षा हे मला का आवडतं तर अख्खा डबा उचलून कामाच्या टेबलावर नेता येतो, एकेक इवलासा ड्रॉवर काढत बसावं लागत नाही. आणि प्लायच्या कडेला मोकळी जागा असते तिथे एम३, एम४, एम५, एम६ चा एकेक नट ओळीने पक्का बसवून टाका. एम३ च्या दोन आट्यांमधलं अंतर ०.५ मिमी, एम४ चं ०.७, नजरेने फरक कळत नाही. जमिनीवर सापडलेला स्क्रू तिथे फिरवून बघायचा, ज्यात बसेल त्या खणात टाकायचा.

सामान घेऊन फिरणाऱ्यांनी मात्र झाकण कापू नका, आणि मुळात घट्ट क्लिपवाला दुसरा डबा बघा, याच्या क्लिपचा भरवसा नाही.