‘मीटिंग गाइड’ अ‍ॅप: दारू सोडू पाहणाऱ्याला जवळची मीटिंग खरंच सापडते का?

दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार द्यायला जिथे जमतात त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेचं, म्हणजे ए.ए.चं, ‘मीटिंग गाइड’ हे अ‍ॅप मोफत आहे आणि अँड्रॉइड व आयफोन दोन्हींवर चालतं. लोकेशन चालू केलं की जवळच्या मीटिंगा अंतरासकट समोर येतात. लोकेशन द्यायचं नसेल तर गावाचं नाव टाकूनही शोधता येतं. दिवस, वेळ आणि प्रकार यांनुसार यादी गाळता येते. पत्त्यावर बोट ठेवलं की नकाशा उघडतो. थरथरत्या हातांनी फोन धरलेल्या माणसालाही जमेल इतकं ते सोपं आहे, आणि ही फार मोठी गोष्ट आहे.

उणीव आहे ती यादीच्या मुळाशी. ही माहिती ए.ए.च्या स्थानिक सेवा कार्यालयांकडून येते. अ‍ॅप ती दिवसातून दोनदा ताजी करतं, पण कार्यालयाने जे लिहिलं असेल तेच दाखवतं. ज्या भागातलं कार्यालय अ‍ॅपला जोडलेलं नाही, तिथे पडदा रिकामा राहतो. रिकामी यादी पाहून ‘आपल्याकडे मीटिंगच नाही’ असं ठरवू नका. आपल्या देशातल्या ए.ए.च्या संकेतस्थळावर जा, तिथला हेल्पलाइन नंबर लावा.

यादीत मीटिंग दिसली तरी पहिल्या वेळी हा फोन करावाच. समूहाने खोली बदललेली असते, सुट्टीच्या दिवशी इमारत बंद असते, किंवा पत्ता बरोबर असून दार मागच्या बाजूला असतं. हिंमत करून निघालेला माणूस कुलूप पाहून परततो, आणि पुन्हा निघायला त्याला महिने लागू शकतात. म्हणून तीन गोष्टी विचारा: या आठवड्यात मीटिंग नक्की आहे का, खुली आहे की बंद, आणि आत कुठून यायचं. ‘पहिल्यांदाच येतोय’ हेही सांगा. पुष्कळदा एखादा सभासद दाराशी थांबायला तयार होतो.

खुली आणि बंद यांतला फरक अ‍ॅपमध्ये दिसतो, पण नवख्याला तो कळेलच असं नाही. बंद मीटिंग फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे आणि ती सोडायची इच्छा आहे त्यांच्यासाठी. तिथे ‘मी दारुडा आहे’ हे सिद्ध करावं लागत नाही. ए.ए. ज्या नियमवजा तत्त्वांवर चालते त्यांना ‘परंपरा’ म्हणतात; त्यांतल्या तिसऱ्या परंपरेनुसार सभासदत्वाची एकच अट आहे, पिणं थांबवण्याची इच्छा. कालच प्यालेला माणूसही बसू शकतो. खुल्या मीटिंगला कोणीही येऊ शकतं. नवऱ्याला सोबत म्हणून बायको बंद मीटिंगला आली तर तिला बाहेर थांबावं लागतं, आणि तो मग एकटा आत जायला कचरतो. सोबत कोणी येणार असेल तर खुलीच निवडा. घरच्यांसाठी 1951 पासून अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना आहे. तिच्या मीटिंगा या अ‍ॅपवर नसतात, तिच्या संकेतस्थळावर शोधाव्या लागतात.

पहिल्या वेळेसाठी वक्त्याची किंवा नवागतांची मीटिंग बरी. वक्त्याच्या मीटिंगला नुसतं ऐकायचं असतं. चर्चेच्या मीटिंगमध्ये शेअरिंगची, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगायची, पाळी आली तर ‘आज ऐकतो’ म्हटलं की पुरतं. साधारण तास-दीड तासाचा मामला. फी नसते. वर्गणीची थैली फिरते, त्यात नवख्याने काही टाकलं नाही तरी चालतं.

एक सूचना पहिल्या पडद्यावर ठळक हवी होती, ती अशी. रोज भरपूर पिणाऱ्याने मीटिंगच्या जोशात एकदम दारू तोडणं धोक्याचं आहे. शेवटच्या पेल्यानंतर 6 ते 24 तासांत कंप, घाम, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. 2 ते 4 दिवसांत भ्रम आणि भास होऊन जिवावर बेतू शकतं. आधी कधी फिट आली असेल तर धोका आणखी वाढतो. आधी डॉक्टर गाठा, मीटिंग सोबतीने सुरू ठेवा. मीटिंगमध्ये औषधोपचार होत नाहीत. कुणी सभासद डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करा म्हणाला, तर ते ऐकू नका.

ए.ए.च्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूतून बाहेर पडण्याच्या तिच्या टप्प्याटप्प्याच्या मार्गात, येणारा देवाचा, उच्च शक्तीचा उल्लेख ज्यांना रुचत नाही, त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरी आहे. 1994 मध्ये सुरू झालेल्या या गटांत त्या पायऱ्या नसतात. विचार आणि वर्तन बदलण्याच्या पद्धती प्रशिक्षित संचालकाच्या मदतीने शिकवतात. मात्र बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष गट कमी, त्यामुळे ऑनलाइन बैठकच जवळची ठरते. बारा पायऱ्यांच्या मार्गाबद्दल शंका असेल त्यांनी 2020 चा कॉक्रेन आढावा, म्हणजे अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष, पाहावा. 27 अभ्यास तपासल्यावर, माणसाला ए.ए.शी नीट जोडून देणारे ठरावीक पद्धतीचे उपचार दारूपासून पूर्ण दूर राहणं टिकवण्यात इतर मान्य उपचारांपेक्षा सरस आढळले.

ए.ए.चा प्रत्येक समूह स्वायत्त असतो, म्हणून एका खोलीवरून निकाल देऊ नका. अ‍ॅपमधून वेगवेगळ्या वारांचे, वेगवेगळ्या प्रकारचे समूह निवडून पाच-सहा तरी पाहा. पंधरा मिनिटं आधी पोहोचा. खुर्च्या मांडताना बोलणं सहज होतं, मीटिंग सुरू झाल्यावर तशी संधी नसते. निघताना सभासदांचे फोन नंबर मागून घ्या आणि पहिला फोन एखाद्या साध्या दिवशीच करून ठेवा. ओढ लागलेल्या रात्री अनोळखी माणसाचा नंबर फिरवणं फार जड जातं.