रत्नागिरीतील एका वकील कार्यालयाची सेवा : ट्रकच्या धडकेनंतरचा भरपाईचा दावा

मोटार अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या रत्नागिरीतील एका वकील कार्यालयाच्या कामाचे हे परीक्षण आहे. माझ्या धाकट्या भावाला एप्रिल २०२३ मध्ये मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याच्या अलीकडे एका मालवाहू ट्रकने मागून धडक दिली. त्यात त्याच्या उजव्या पायाची नडगी आणि घोटा मोडला. त्याचा दावा या कार्यालयाने रत्नागिरीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अखेरपर्यंत चालवला. वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे आणि माझ्या लिहिण्याचा तसा उपयोग होऊ नये, म्हणून कार्यालयाचे नाव देत नाही. त्यांनी काम कसे केले हे मात्र तपशिलाने सांगते, कारण महामार्गालगतच्या आमच्या गावांतून अशी वेळ कोणत्या ना कोणत्या घरावर येतच असते आणि तेव्हा वकील कशावरून पारखावा हे घरातल्या कोणालाच माहीत नसते. माझ्या मते अशा दाव्याचे भवितव्य पहिल्या काही महिन्यांत जमवलेल्या कागदांवर ठरते, आणि या कार्यालयाला ते पक्के ठाऊक आहे.

भावाला रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला हलवले होते. शस्त्रक्रिया होऊन तो वॉर्डात आला न आला तोच एक गृहस्थ वकीलपत्राचा कोरा कागद घेऊन खाटेशी उभे राहिले. कोर्टाचा खर्च आमचा, जे मिळेल त्यातला ठरावीक हिस्सा आम्हाला द्या, आज सही करा, असे त्यांचे म्हणणे होते. निकालातील रकमेवर हिस्सा ठरवून फी घेणे आपल्याकडे वकिलांना निषिद्ध आहे, हे त्या क्षणी आम्हाला कोणी सांगितले नाही. ट्रकमालकाकडून आलेल्या मध्यस्थांनी वेगळाच सल्ला दिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला, चूक कोणाची हे सिद्ध न करता, अडीच लाख रुपये मिळतात, ते घ्या आणि मोकळे व्हा, असे ते सांगत होते. ही तरतूद खरी आहे आणि ज्यांच्याकडे पुरावाच नाही त्यांना तिचा आधारही आहे. परंतु ती रक्कम एकदा स्वीकारली की कलम १६६ खालचा पूर्ण भरपाईचा दावा संपुष्टात येतो. ज्या चौतीस वर्षांच्या माणसाचे कामच पायाच्या बळावर चालते, त्याला हा सल्ला देणे म्हणजे त्याचे उरलेले आयुष्य अडीच लाखांत मोजणे होय.

या कार्यालयातील वकीलबाईंनी पहिल्या भेटीत कोणताही आकडा सांगितला नाही. फी ठरावीक असेल, ती तीन टप्प्यांत द्यायची, आणि भरपाईची रक्कम थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा होईल, तिला कार्यालयाचा हात लागणार नाही, एवढे त्यांनी स्पष्ट केले. त्यानंतरचा सारा वेळ कागदांवर गेला. प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा, ट्रकची नोंदणी, विमा पॉलिसी, योग्यता प्रमाणपत्र, परवाना आणि चालकाचा वाहतूक परवाना यांच्या प्रती त्यांनी स्वतः अर्ज करून मिळवल्या. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद प्रकरणात या वेळापत्रकाची सर्वांना आठवणही करून दिली आहे. प्रत्यक्षात आमचा अहवाल पाठपुरावा केल्याशिवाय हलला नाही, आणि तो पाठपुरावा कार्यालयाने लेखी अर्जांनी केला.

पंचनाम्यातील एक बाब त्यांनी ज्या नजरेने पाहिली, तिच्यामुळे माझा विश्वास बसला. चौपदरीकरणाच्या कामामुळे त्या ठिकाणी वाहतूक एका बाजूला वळवलेली होती, पण नकाशात रस्ता नेहमीप्रमाणे दुहेरी दाखवला होता आणि त्यामुळे भाऊ चुकीच्या बाजूने जात असल्याचा भास होत होता. पावसाळा सुरू होऊन खुणा पुसल्या जाण्यापूर्वी वकीलबाईंनी एका सहायकाला तेथे पाठवून वळणरस्त्याची, मातीच्या पिंपांची आणि किलोमीटरच्या दगडाची छायाचित्रे घेतली आणि पुरवणी जबाबासाठी पोलिसांकडे अर्ज दिला. पुढे विमा कंपनीने भावाचाही निष्काळजीपणा असल्याचा मुद्दा काढला, तेव्हा याच छायाचित्रांनी तो मोडून पडला.

मुदतीविषयी येथेच सांगते, कारण लोकांची सर्वांत मोठी हानी तेथे होते. एप्रिल २०२२ पासून कलम १६६ खालचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा लागतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असे सांगितले आहे, परंतु त्या मुदतीच्या वैधतेचा प्रश्न तेव्हा प्रलंबितच होता. शहाण्या माणसाने सहा महिन्यांची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. आमचा अर्ज भावाच्या पायातील टाके नुकते सुकलेले असताना, मुदतीच्या बराच आधी दाखल झाला. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी दावेदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, हेही पनवेल किंवा पेणजवळ अपघात झालेल्या आमच्याकडच्या अनेकांना माहीत नसते.

आता या कार्यालयाच्या कामातील मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग. माझा भाऊ हापूसच्या बागा खंडाने घेतो. मोहोर आल्यापासून राखण, फवारणी, झेल्याने आंबा उतरवणे, पेट्या भरणे आणि वाशीला पाठवणे, हे सारे तो दोन माणसे हाताशी घेऊन स्वतः करतो, आणि पावसाळ्यानंतर लोकांच्या माडांवर चढून नारळही काढतो. त्याला पगारपत्रक नाही आणि तो आयकर विवरणपत्रही भरत नाही. अशा माणसाचे उत्पन्न विमा कंपनी मजुरीच्या किमान दराने धरते. वकीलबाईंनी आम्हाला वाशीच्या दलालाकडून आलेल्या जुन्या पट्ट्या शोधायला लावल्या. त्या पट्ट्यांवर पेट्यांची संख्या, दर, हमाली, भाडे आणि दलाली वजा जाऊन हातात आलेली रक्कम तारखेसह लिहिलेली असते. आईने त्या खताच्या रिकाम्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवल्या होत्या आणि काहींना कसर लागली होती, तरी त्या चालल्या. बागमालकांशी केलेले खंडाचे करार, बँकेच्या खात्यातील जमा आणि एका बागमालकाची साक्ष यांची जोड त्यांना मिळाली.

त्यानंतर आला अपंगत्वाचा प्रश्न. शासकीय रुग्णालयाच्या प्रमाणपत्रात कायमचे अपंगत्व २५ टक्के लिहिले होते आणि आमचा समज असा होता की भरपाईही तेवढ्याच प्रमाणात मिळणार. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे की शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि न्यायाधिकरणाने दुसरी गोष्ट मोजायची असते. टेबलाशी बसून काम करणाऱ्याचा घोटा आखडला तर त्याची कमाई फारशी घटत नाही, पण कातळावरून पेट्या वाहणाऱ्या आणि झाडावर चढणाऱ्या माणसाचे कामच थांबते. वकीलबाईंनी हे एका पानावर आम्हाला मांडून दाखवले. मासिक उत्पन्न १५,००० धरले आणि चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसासाठी प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातील वाढ ४० टक्के मिळवली, की २१,००० होतात. वर्षाचे २,५२,०००. वयाच्या ३१ ते ३५ या गटासाठी सरला वर्मा निकालातील गुणक १६ आहे, म्हणजे ४०,३२,०००. याचे २५ टक्के धरले तर १०,०८,००० होतात, आणि कमाईतील घट ५० टक्के सिद्ध झाली तर २०,१६,०००. जखमीच्या दाव्यात वैयक्तिक खर्चाची वजावट होत नाही, हेही त्यांनी सांगितले. ते पान आम्ही जपून ठेवले आहे. पुढचा प्रत्येक निर्णय आम्ही त्यावर बोट ठेवून घेतला.

हा फरक सिद्ध करायला डॉक्टरांची साक्ष लागते. नुसते प्रमाणपत्र पुरत नाही. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्याच अस्थिरोगतज्ज्ञांना त्यांनी साक्षीला बोलावले. साक्षीपूर्वीच्या तपासणीत भाऊ नेमके कोणते काम करतो हे वकीलबाईंनी त्या डॉक्टरांना समजावून दिले होते, त्यामुळे त्यांनी त्याला जमिनीवर उकिडवे बसायला सांगितले, शिडीच्या पायरीवर उजवे पाऊल टाकून अंगाचा भार त्यावर घ्यायला सांगितला, आणि घोटा किती अंशांपर्यंत वळतो हे मोजून लिहिले. उकिडवे बसताना भावाची टाच जमिनीला टेकत नव्हती आणि तो डाव्या हाताने खाटेची कड धरून होता. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी तो गाडी चालवू शकतो ना, चालू शकतो ना, असे विचारले. डॉक्टरांनी होकार दिला आणि झाडावर मात्र तो चढू शकणार नाही, असे ठामपणे सांगितले.

मध्यंतरी राष्ट्रीय लोकअदालतीत कंपनीने तडजोडीचा प्रस्ताव ठेवला होता. त्यात उत्पन्न महिन्याला ८,००० धरले होते, भविष्यातील वाढ धरलीच नव्हती आणि अपंगत्व प्रमाणपत्राप्रमाणे २५ टक्के होते, म्हणजे कमाईच्या नुकसानीपोटी ३,८४,०००. घरात कर्ज होते आणि आई पैसे घेऊन टाकावेत या मताची होती. लोकअदालतीच्या निवाड्याविरुद्ध अपील नसते, त्यामुळे तेथे होकार देताना तो अखेरचा आहे असे समजूनच द्यावा, एवढे वकीलबाई म्हणाल्या, आणि निर्णय आमच्यावर सोडला. आम्ही नकार दिला. ज्यांना वाट पाहणे परवडत नाही त्यांनी तडजोड केली तर मी त्यांना दोष देणार नाही, पण हिशेब समजून घेतल्याशिवाय सही करू नये.

चालकाचा वाहतूक परवाना अपघाताच्या दिवशी नूतनीकरण झालेला नव्हता, म्हणून आपली जबाबदारी नाही, असाही बचाव कंपनीने घेतला. यावर स्वर्ण सिंग प्रकरणापासून न्यायालयांनी अनेकदा घेतलेली भूमिका अशी आहे की जखमी त्रयस्थाला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि नंतर ते मालकाकडून वसूल करावेत. आमच्या निवाड्यातही तसाच आदेश झाला. न्यायाधिकरणाने उत्पन्न १२,००० आणि कमाईतील घट ४० टक्के मानली, त्यामुळे त्या शीर्षकाखाली १२,९०,२४० रुपये मंजूर झाले. उपचाराचा खर्च, सोबतच्या माणसाचा खर्च, वेदना, आणि पायातील सळई काढण्याच्या पुढील शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा, आणि या सर्वांवर अर्जाच्या तारखेपासून व्याज. कोल्हापूरच्या रुग्णवाहिकेची पावती आमच्याकडे नव्हती, ती रक्कम गेली.

वाढीव रकमेसाठी अपील करावे का, असे आम्ही विचारले. अपिलाची मुदत ९० दिवसांची असते आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. तरीही मिळणारी संभाव्य वाढ आणि लागणारी वर्षे पाहता अपील न करण्याचा सल्ला त्यांनी दिला. त्या अपिलाची फी त्यांनाच मिळाली असती, हे लक्षात घेता हा सल्ला मला प्रामाणिक वाटला.

उणिवाही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. पुढील तारीख कार्यालयातून आपणहून कधीच कळवली गेली नाही, ती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आम्हीच पाहत असू. दूरध्वनी बहुधा उचलला जात नाही. भावाच्या सरतपासणीचे, म्हणजे त्याच्या मुख्य साक्षीचे, प्रतिज्ञापत्र इंग्रजीत तयार करून सहीसाठी पुढे ठेवले गेले. आम्ही आग्रह धरल्यावर ते मराठीत वाचून दाखवले, आणि तेव्हा त्यात नारळ काढण्याच्या कामाचा उल्लेखच राहून गेल्याचे दिसले. जो मजकूर माणसाने शपथेवर सांगायचा, तो त्याला वाचता येईल अशा भाषेत असलाच पाहिजे, याबाबत मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. डॉक्टरांच्या साक्षीचा आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च फीव्यतिरिक्त आहे, हे आदल्या आठवड्यात सांगितले गेले, आणि प्रमाणित प्रतींच्या खर्चाच्या पावत्या मागितल्यावरच मिळाल्या.

ज्यांच्या घरात कागद सांभाळणारे आणि प्रश्न विचारणारे कोणी आहे, त्यांना मी हे कार्यालय निःशंकपणे सुचवीन. ज्यांचे तसे कोणी नाही त्यांनी आधी रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कमी उत्पन्न गटातील लोक यांना तेथे वकील विनामूल्य मिळतो. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत रोखविरहित उपचारांची केंद्र सरकारची योजनाही लागू आहे, रुग्णालयात दाखल होतानाच तिच्याविषयी विचारावे. भावाच्या वेळी ती नव्हती. निवाड्यातील काही रक्कम न्यायाधिकरणाने मुदत ठेवीत ठेवली आहे. सळई काढण्याची शस्त्रक्रिया ठरल्यावर त्यातून पैसे मिळण्यासाठी अर्ज करायचा आहे, आणि तो वेगळी फी न घेता करून देण्याचे या कार्यालयाने लेखी कबूल केले आहे.