डिचोलीतला १८० रुपयांचा सराव संच: प्रोबॅबिलिटीसाठी घ्या, स्टॅटिस्टिक्ससाठी थांबा

झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूचा कोण रिव्ह्यू लिहितं, असं नवरा म्हणाला, पण गेल्या महिन्यात लेकीच्या वर्गातल्या तिघींच्या आयांनी मला हा गणिताचा सराव संच घ्यावा का असं विचारलं, त्यामुळे एकदाच सगळं लिहून टाकते.

लेक दहावीला, गोवा बोर्ड. गणिताचं पुस्तक एनसीईआरटीचं, त्यात १३ वा धडा स्टॅटिस्टिक्स (सांख्यिकी) आणि १४ वा प्रोबॅबिलिटी (शक्यता), म्हणजे अगदी शेवटचे दोन, आणि शेवटच्या धड्यांचं जे सगळीकडे होतं तेच होतं, "सोपे आहेत, घरी करा". सोपे आहेत हे खरंय, तीच तर गोची आहे. मुलांना वाचून सगळं कळल्यासारखं वाटतं आणि पेपरात नेमके त्यातलेच दोन मार्क जातात.

तर हा संच. बाजारात एका झेरॉक्सवाल्याकडे मिळतो, स्पायरल बाइंडिंग, सगळं इंग्रजीत, २०० प्रश्न, मागे उत्तरं. त्यातले १४० प्रोबॅबिलिटीचे आणि ६० स्टॅटिस्टिक्सचे. कोणी काढलाय ते कुठेच छापलेलं नाही, दुकानदार म्हणतो कोणी रिटायर्ड सर आहेत. कागद पातळ, मागचं पुढे दिसतं, आणि जूनमध्ये घेतलात तर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आमचा पहिल्याच पावसात कडेने फुगला.

प्रोबॅबिलिटीचा भाग मला मनापासून आवडला. पहिल्या वीस प्रश्नांत काही काढायचंच नाहीये, फक्त काय काय होऊ शकतं ते सगळं लिहून काढायचं. लेक म्हणाली हे काय बालवाडीचं आहे. आणि दुसऱ्याच प्रश्नाला आपटली! दोन नाणी उडवली तर काय काय येईल, हिने लिहिलं तीन गोष्टी, दोन्ही छापे, दोन्ही काटे, एकेक. मग त्या तिन्हींची शक्यता १/३. संचात उत्तर न देता खाली एक ओळ आहे की आता खरंच दोन नाणी ४० वेळा उडवा आणि मोजा. आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून उडवली, एक पाच रुपयाचं आणि एक दोनचं. दोन्ही छापे ८ वेळा, दोन्ही काटे ११ वेळा, आणि एकेक २१ वेळा. तीनही सारखे असते तर तेरा-तेराच्या आसपास यायला हवे होते ना. ती गप्प बसली, मग स्वतःच म्हणाली की पाचाचं छापा दोनाचं काटा आणि पाचाचं काटा दोनाचं छापा हे वेगळे धरायला हवेत. झालं की! हे मी शंभर वेळा सांगितलं असतं तरी डोक्यात शिरलं नसतं. (तिला धीर यावा म्हणून सांगितलं की फ्रान्सचा दालांबेर, एवढा मोठा गणिती, त्यानेही १७५४ साली विश्वकोशात लिहिताना हीच चूक केली होती. दोन वेळा नाणं उडवून निदान एकदा छापा येण्याची शक्यता त्याने २/३ सांगितली, ती असते ३/४.)

पत्त्यांचे प्रश्न पंचवीसेक आहेत. आता आमच्या घरी पत्ते फक्त चवथीत निघतात, आरती झाली की मोठी माणसं रात्रभर बसतात, मुलं मात्र मोबाइलवर. त्यामुळे लेकीला फेस कार्ड म्हणजे काय इथपासून सुरुवात. शेवटी सासूबाईंना बोलावलं. इस्पिक, किलवर, बदाम, चौकट, प्रत्येकी तेरा पानं, दोन रंग काळे दोन लाल, पाच मिनिटांत सगळं पाठ करून घेतलं त्यांनी. फक्त एक्क्यावर अडलं. पुस्तकाच्या हिशोबाने राजा, राणी, गुलाम एवढेच फेस कार्ड, म्हणजे १२, शक्यता १२/५२ म्हणजे ३/१३. सासूबाई ऐकेनात, "एक्को सगळ्यांत व्हडलो, मगीर ताका चित्र कित्याक म्हणनात?" (एक्का सगळ्यांत मोठा, मग त्याला चित्र का म्हणत नाहीत?) त्याला तोंड नाहीये म्हणून, असं लेकीने सांगितलं तेव्हा कुठे पटलं. संचात ही गोष्ट प्रश्नाच्या आधी चौकटीत लिहिली असती तर बरं झालं असतं, कारण एक्का धरून १६/५२ लिहिणारी मुलं किती असतील कोण जाणे.

एक वेगळं सांगते. या भागात एक प्रश्न रुलेटचा आहे, ३७ घरांचं चाक, १८ लाल, १८ काळी, एक शून्याचं हिरवं. लाल येण्याची शक्यता किती? १८/३७. दहावीच्या मुलांना कॅसिनोचा प्रश्न कशाला असं आधी मलाही वाटलं, पण पणजीला जाताना मांडवीवरून त्या कॅसिनोच्या बोटी आपण रोज मुलांना दाखवतोच की. लाल आलं तर जेवढे लावले तेवढेच वर मिळतात, म्हणजे दोन्हीकडे सारखंच वाटतं, आणि ते एक हिरवं घर बोटवाल्याचं. लेकीने हिशोब केला की ३७ वेळा शंभर-शंभर लावले तर सरासरी शंभर रुपये जाणार. मटक्याचंही तिनेच विचारलं, तिच्या बाबांचे एक काका स्वप्नात दिसलेल्या आकड्यावर लावायचे. दहा आकड्यांतला एक, शक्यता १/१०, आणि समजा लागला तर नऊ पट. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. अपेक्षित किमतीचा, म्हणजे सरासरी किती मिळेल किंवा जाईल याचा, हा भाग खरं तर पुढच्या वर्गांचा, पण एवढं समजायला बारावीपर्यंत थांबायची काही गरज नाही.

आता उत्तरांकडे येते, इथे संचवाल्या सरांवर माझा राग आहे. दोन फासे, बेरीज ८ येण्याची शक्यता, मागे उत्तर ६/३६. लेक दोन तास रडकुंडीला आली. लिहून बघा, (२,६) (३,५) (४,४) (५,३) (६,२), पाचच आहेत, उत्तर ५/३६. (४,४) दोनदा मोजलंय, दुसरं काही नाही. म्हणजे ज्या माणसाने वीस प्रश्न नुसते मोजायला शिकवले तोच मोजायला चुकला! १४० मध्ये आम्हाला अशा चार चुका सापडल्या. लीप वर्षात ५३ रविवार येण्याची शक्यता मात्र बरोबर दिलीये, २/७, आणि का तेही नीट लिहिलंय, ५२ आठवडे झाले की दोन दिवस उरतात, त्या दोन दिवसांच्या सात जोड्या, त्यातल्या दोनात रविवार.

स्टॅटिस्टिक्सचा भाग वाचून मात्र असं वाटलं की हा दुसऱ्याच कोणीतरी काढलाय. टेबल, फॉर्म्युला, उत्तर. टेबल, फॉर्म्युला, उत्तर. साठच्या साठ. त्यातले सहा प्रश्न ओजाइव्हचे (आकडे मिळवत नेऊन काढलेला आलेख), जो नव्या पुस्तकातून काढून टाकलाय, म्हणजे हे जुन्या संचातलं तसंच उचललंय. एका मीडियनच्या, म्हणजे मधल्या किमतीच्या, प्रश्नात क्लास (गट) १०-१९, २०-२९ असे आहेत, तिथे आधी ९.५-१९.५, १९.५-२९.५ असे सलग करायला हवेत, यांनी खालची मर्यादा सरळ २० धरून उत्तर दिलंय. अर्ध्याचा फरक पडतो, आणि पेपरात तो अर्धाच महाग पडतो.

मी सावंतवाडीची, महाराष्ट्र बोर्डाची, मीन (सरासरी), मीडियन, मोड (सगळ्यांत जास्त वेळा येणारी किंमत) यांना आम्ही मध्य, मध्यक, बहुलक म्हणायचो. लेकीला बहुलक शब्दाचं फार हसू येतं, बाहुलीचा नवरा वाटतो म्हणे. असो. पण मीन आणि मीडियनमध्ये फरक काय, कधी कोणता बघायचा, हा एक प्रश्न साठात एकदाही विचारलेला नाही. म्हणून आम्ही संच बाजूला ठेवला आणि तिच्या बसचं टेबल केलं. वीस दिवस स्टॉपवर किती मिनिटं थांबली ते लिहिलं: ०-५ मिनिटं ४ दिवस, ५-१० मिनिटं ९ दिवस, १०-१५ मिनिटं ४, १५-२० मिनिटं २, आणि २०-२५ मिनिटं १. मीन आला ९.२५, मीडियन ८.३३, मोड ७.५. मग तिला म्हटलं समज त्या शेवटच्या दिवशी बस बंद पडली आणि तू ६०-६५ मिनिटं थांबलीस. मीन गेला ११.२५ वर. मीडियन आहे तिथेच, ८.३३. एका दिवसाने मीन दोन मिनिटं ओढला! आणि ती पाठ केलेली ओळ, तीन मीडियन बरोबर मोड अधिक दोन मीन, ती पहिल्या टेबलावर लावून बघितली तर मोड ६.५ येतो, ७.५ नाही. ती ओळ अंदाजाची आहे हे तिला तेव्हा कळलं, संचात ती सूत्र म्हणून छापलीये, खाली एक शब्द नाही.

आणि गोव्यात छापलेल्या संचात बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांच्या मुलाचं, गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबींचं नाव नसावं हे मला जरा लागलंच. १९०७ साली इथे कोसबेला जन्मलेला माणूस, त्याने जुनी नाणी तराजूत तोलून इतिहास काढला. नाणं जितकं जास्त हातांतून फिरतं तितकं झिजतं, सरासरी वजन कमी होत जातं आणि वजनांमधला फरक वाढत जातो, त्यावरून कुठली नाणी जास्त फिरली ते सांगता येतं. यावर एक प्रश्न घातला असता तर सरासरी कशाला काढायची हे मुलांना वेगळं सांगावं लागलं नसतं. २९ जून हा आपल्याकडे सांख्यिकी दिन, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा जन्मदिवस म्हणून, आणि कोसंबी गेले तेही २९ जूनलाच, १९६६ साली.

अ‍ॅप घ्यावं की संच, असंही एकीने विचारलंय. अ‍ॅपवर आम्ही महिनाभर केलं. चार पर्याय असतात, काहीही न वाचता दाबत सुटलं तरी वीसात सरासरी पाच बरोबर येतात, आणि लेक दाबायचीच. संचात पर्याय नाहीत, लिहावं लागतं. माझं मत संचाला.

मार्क द्यायचे तर प्रोबॅबिलिटीला पाचपैकी साडेचार, स्टॅटिस्टिक्सला दोन. सरासरी सव्वातीन असं मी लिहिणार होते, पण लेकीने मागून वाचलं आणि म्हणाली, आई, १४० आणि ६० प्रश्न आहेत ना, मग तसं धरून काढ, पावणेचार येतात. ठीक आहे, पावणेचार.

घ्यायला जाल तर सकाळी जा, बुधवार टाळा, बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असतं. आणि चुकांचा कागद मी दुकानदाराकडे लिहून ठेवलाय, तो मागून घ्या, झेरॉक्सचे दोन रुपये वेगळे पडतील.