पणजीचं माहेर शोधताना: कोतवाल बुक, जुने फेरफार आणि नाशिकची वही, आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या पणजीचे आईवडील कोण, हे घरात कोणालाच सांगता येत नव्हतं. लग्नात तिचं नाव बदललं, आडनाव बदललं. आत्याला एवढंच आठवत होतं की तिचं माहेर जावळीकडचं आणि ते गाव पुढे कोयना धरणाच्या पाण्यात गेलं. तेवढ्या धाग्यावर मी आठ महिन्यांपूर्वी कागद काढायला लागले.

आपल्याकडे पुरुषाचा बाप त्याच्या मधल्या नावातच असतो. जुन्या मोडी कागदांत आडनाव नसलं तरी 'अमुक बिन तमुक' असतंच. बाईची नोंद मात्र 'कोम' लावून होते, म्हणजे अमक्याची बायको. ती कोणाची मुलगी हे कुठेच नाही. म्हणून पणजी किंवा खापरपणजी शोधणाऱ्याने तिचं नाव शोधत बसू नये, तिच्या आजूबाजूचे पुरुष शोधावेत. हे उमगायला माझे दोन महिने गेले.

ते दोन महिने गाव नमुना 14 मध्ये गेले, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, ज्याला बहुतेक जण कोतवाल बुक म्हणतात. पणजीचा मृत्यू सापडला: नाव, वय, नवऱ्याचं नाव, कारण ताप. बापाचा रकाना नाही. पण त्याच वहीत 1918 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं लागली. इन्फ्लुएंझाची साथ. पानामागून पान, कारण एकच, ताप. एका पानावर एकाच घरातली तीन नावं होती. त्यात माझे पणजोबाही होते. मी त्या दिवशी पुढे वाचू शकले नाही. पण ती तारीख हाती आली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

कारण खातेदार मेला की वारसाची नोंद होते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, त्यामुळे 1918 नंतरचा फेरफार (गाव नमुना 6, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याची नोंद) असणार अशी आशा होती. काही जिल्ह्यांतले जुने कागद आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत. तिथे नावाने शोध होत नाही, गाव आणि सर्व्हे किंवा गट नंबर लागतो. आजचा गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर यांचा मेळ जमीन एकत्रीकरणाच्या 9(3), 9(4) पत्रकांवरून बसतो. ती आधी काढा. मी ती नंतर काढली आणि महिनाभर भलत्याच माणसाचा माग घेतला. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे एका भावकीत एकाच नावाचे तिघे निघतात. त्यांना वेगळं करतो तो जमिनीचा नंबर.

1919 चा फेरफार मिळाला. वारस माझे आजोबा, वय चार, आणि पुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, 'मामा' आणि त्यांचं नाव, बापाचं नाव, गाव. आई हयात असताना मामा का, हे कागद सांगत नाही. भाऊबंदांपासून जमीन राखायला असावं, असं मला वाटतं. आठ महिन्यांत मला सगळ्यात मोलाचा वाटलेला शब्द हाच.

तरी मामा चुलतही असू शकतो. त्यांच्या गावच्या कागदांत बापाच्या मृत्यूनंतरची वारसनोंद मिळाली, पण त्यात फक्त मुलगे. 1956 च्या कायद्याआधी मुलग्यांच्या बरोबरीने मुलीला वारसा नव्हता, त्यामुळे तिथे तिचं नाव येणार कुठून. महसुली कागदांची धाव इथेच संपते. ज्यांना फक्त बापाकडची वंशावळ हवी आहे त्यांना ते पुरतात, आजीपणजीसाठी पुरत नाहीत.

शेवटी नाशिकला गेले. तिथले क्षेत्रोपाध्ये, म्हणजे तीर्थावरचे पुरोहित, येणाऱ्या घराण्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या वहीत लिहून ठेवतात. त्यांनी गाव आणि आडनाव विचारलं आणि वही काढली. शके 1849, म्हणजे 1927-28. पणजीचा भाऊ आईच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आला होता. खाली भावांची नावं, आणि त्यांच्याही खाली बहिणीचं: माहेरचं नाव, 'दिली', आणि आमचं गाव. सख्खी बहीण. जे नाव तिच्या लग्नानंतर आमच्या घरात कोणी उच्चारलंही नसेल, ते तिच्या भावाने तिथे लिहवून ठेवलं होतं. गुरुजींनी घाई केली नाही, मला हवं तेवढा वेळ पान उघडं ठेवलं. जाताना दक्षिणा द्या आणि आपल्या आजच्या पिढीची नावंही त्या वहीत घाला, लेकीसुनांसकट, माहेरच्या नावांसकट. मी घातली.

मोडीबद्दल एवढंच की स्वतः थोडी तरी शिका. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. वाचून देणारा मिळतो, पण पैसे घेऊन एकाने मला 'कोम' म्हणजे जात असं सांगितलं होतं.

पणजीच्या आईच्या नावाचं पहिलं अक्षर त्या वहीत पाण्याने पुसलंय. दोन जाणकारांनी ते दोन प्रकारे वाचलं. वंशावळीत ते नाव मी सध्या पेन्सिलीने लिहिलंय. कोयनेचे धरणग्रस्त रायगडपासून सोलापूरपर्यंत विखुरले. त्या भावाचे वंशज कुठल्या वसाहतीत आहेत हे कळलं, की त्यांच्या घरी श्राद्धाला आई-आजी-पणजींची कोणती नावं घेतात ते विचारायला जाणार आहे.