शक्तिमान घ्यावा की वन टन? लष्करातून निघालेला ट्रक घेण्याआधी

शूटिंगला गाड्या पुरवणं हा माझा धंदा. त्यात वन टन मी सहा वर्षं वापरला आणि शक्तिमानचं हे माझ्याकडचं चौथं वर्ष. लष्करातून निघालेला ट्रक घ्यायचं मनात आलं की मुंबईत बरेच जण या दोन नावांपाशीच येऊन अडतात, म्हणून दोन्हींचा अनुभव लिहितोय. तुम्हाला कर्जतच्या जमिनीवर पाण्याची टाकी न्यायची असेल किंवा नुसती हौस असेल तर गणित थोडं बदलेल, हे आधीच सांगून ठेवतो.

दोन्ही जबलपूरचे. शक्तिमान जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर 1959 पासून बनू लागला आणि 1996 मध्ये थांबला. वन टन निसानच्या परवान्यावरचा. त्याचं 3956 सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन म्हणजे जोंगा या लष्करी जीपचंच. मी कांदिवलीत वाढलो. शाळेत जाताना तिथल्या लष्करी डेपोकडून येणारे शक्तिमान रोज दिसायचे, त्यामुळे माझं मन लहानपणापासून कुठे होतं ते तुमच्या लक्षात येईल. तरी पहिला घेतला तो वन टनच, कारण तो हाताशी होता आणि परवडत होता.

कोणताही घ्या, आधी कागद. लष्करी गाडीची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 खाली लष्कराकडेच असते. ती पहिल्यांदा आरटीओत चढवायला फॉर्म 21 मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. नुसती झेरॉक्स दाखवून कोणी टोकन मागत असेल तर थांबा. नवख्या माणसाने एमएच नंबर पडलेला, पासिंग चालू असलेलाच ट्रक बघावा असं माझं मत आहे. दोन पैसे जास्त जातात, पण झोप लागते. आरसीवरचा रंगही बघा. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. माझा शक्तिमान आरसीवर करडा आहे. सेटवर पोचल्यावर आर्टवाले धुऊन जाणारा हिरवा मारतात आणि पॅकअपनंतर आम्ही तो धुऊन काढतो.

चासी नंबर डोळ्यांनी वाचून समाधान मानू नका. वर्षानुवर्षं थरावर थर रंग चढलेला असतो, आकडे त्यात बुजतात. मी पेंट रिमूव्हर लावला, चिंधीने पुसलं, कागद धरून पेन्सिल घासली, तेव्हा ज्याला मी 3 समजत होतो तो 8 उमटला. आरसीवरही 8 होता म्हणून व्यवहार पुढे सरकला. इंजिन नंबरही असाच घ्या, कारण ओव्हरहॉलमध्ये इंजिनच बदललेलं असू शकतं. वन टनमध्ये तर हे जास्तच बघावं लागतं. बाजारातल्या कित्येक वन टनमध्ये कोणी ना कोणी डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर इंधन मात्र पेट्रोलच राहतं. असा बदल कलम 52 खाली मंजूर करून घ्यावा लागतो. विक्रेता ‘नंतर करून देतो’ म्हणाला, तर ते आधी करून द्यायला सांगा.

आता वन टनच्या बाजूने. शहरात वागवायला तो फार सोपा. भांडुपच्या आमच्या गल्लीत तो एका दमात वळायचा. वजनाने 7500 किलोच्या आत असल्यामुळे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालतो. मालवाहू गाडीसाठीही तेवढंच लायसन्स पुरेसं असल्याचं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. जोंग्याचं इंजिन असल्याने हौशी मंडळींकडून सुटे भागही मिळत राहतात. पेट्रोल पितो, हे खरं. मला लिटरला चारच्या वर कधी दिलं नाही. पण भाड्यात तो खर्च निघायचा, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

तक्रार वेगळीच होती, आणि मी ट्रक बदलला तो तिच्यामुळेच. मे महिना, गोरेगावच्या चित्रनगरीतला एक चढ. हौद्यात जवानांच्या वेशात चौदा ज्युनिअर कलाकार. तालमीत ट्रक तीनदा चढून उतरला. मग लाइट लावायला वेळ लागला आणि ट्रक तसाच उन्हात उभा राहिला. टेकच्या वेळी सेल्फ फिरतोय, फिरतोय, इंजिन धरत नाही. आमचे मिस्त्रीमामा धावले, बॉनेट उघडलं, फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकलं आणि पाइपवर बाटलीने पाणी सोडत बसले. फडक्यातून वाफ येत होती. पंचवीस मिनिटांनी इंजिन लागलं, तोवर दिग्दर्शकाला हवं होतं ते ऊन डोंगरामागे गेलं होतं. ती पोरं हौद्यात घामाने भिजून बसलेली, आणि कोणी मला एक शब्द बोललं नाही. ते मला जास्त लागलं.

याला वेपर लॉक म्हणतात. तापलेल्या पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ओढायला पातळ पेट्रोल उरत नाही. यात बनवणाऱ्यांचा दोष नाही, कार्बोरेटरच्या कुठल्याही जुन्या पेट्रोल इंजिनाला हे होऊ शकतं. माझ्या ट्रकात आधीच्या मालकाने पाइप सायलेन्सरच्या अंगावरून फिरवला होता. मी तो बदलला, मध्ये पत्रा लावला, इलेक्ट्रिक पंप बसवला. त्रास कमी झाला, गेला नाही. उन्हाळ्यात आणखी दोनदा तसंच झालं आणि मी गिऱ्हाईक शोधायला लागलो. आज घेणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावं: आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पंपाचा डायफ्राम आणि सगळे होज पाइप पहिल्याच आठवड्यात नवे टाका.

शक्तिमानचे त्रासही थोडे नाहीत. पॉवर स्टिअरिंग नाही. गोदामात रिव्हर्स लावताना खांदे भरून येतात. ड्रायव्हर अवजड लायसन्सचाच हवा, गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असलेले रस्ते टाळावे लागतात, त्यामुळे सकाळी सातच्या शिफ्टला आम्ही पहाटे चारला निघतो. दरवर्षी पासिंग, वर जुन्या गाडीचा पर्यावरण कर. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळाले तर मिळाले, नाहीतर थेट पश्चिम बंगालातल्या पानागढच्या बाजारातून मागवावे लागतात. पुढच्या एक्सलचं एक सील यायला मला सतरा दिवस लागले. पण त्याचं इंजिन डिझेलचं, वेपर लॉकची भानगड नाही; या चार वर्षांत ‘रोल’ म्हटल्यावर तो सुरू झाला नाही असं एकदाही घडलेलं नाही. माझ्या धंद्यात त्याहून मोठं काही नाही. तुमच्या कामात कोणी तुमच्यासाठी थांबलेलं नसेल, तर कदाचित वन टनच बरा पडेल.

‘गाडी डेपोत उभीच होती, किलोमीटर बघा किती कमी’ हे दोन्हींच्या बाबतीत ऐकायला मिळतं. उभ्या गाडीचं रबर आधी मरतं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: 1409 म्हणजे 2009 चा चौदावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत असली तरी बाजूला बारीक चिरा असतील तर तो टायर गेलेला समजा. ब्रेकचे होज वाकवून बघा. पुढच्या चाकांच्या आत, जिथे चाक वळतं त्या गोळ्यावर, ऑइल ओघळलंय का ते टॉर्च मारून बघा. फोर व्हील ड्राइव्ह डांबरावर लावू नका, मोकळ्या मातीत लावून चालवा. हौद्याच्या फळ्या बदलता येतात, पण ताडपत्रीखाली पाणी साचून चासीला रिव्हेटच्या जोडांत गंज धरलाय का ते हातोडीने ठोकून बघा. एक पावसाळा उघड्यावर काढलेल्या ट्रकचा आवाज लगेच बद्द येतो.

शक्तिमान बघायला सकाळी लवकर जा, आणि ‘मी येईपर्यंत सुरू करू नका’ असं बजावून ठेवा. पोचल्यावर इंजिनला हात लावा, ते गार असायला हवं. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागलं पाहिजे. गरम झाल्यावर ऑइलचं झाकण काढा. धूर भकाभका वर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतोय, आणि इंजिनकामाचे पैसे किमतीतून कापून मागा. वन टन बघायला मात्र भर दुपारी जा. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या गर्दीत अर्धा तास चालवा, बाजूला घेऊन बंद करा, दहा मिनिटं चहा प्या आणि मग सेल्फ मारा.