जबडा दुखायचा थांबला, पण क्रेडिट एकट्या माऊथपीसचं नाही

रिब्रीदरवर (सोडलेला श्वास साफ करून परत वापरायला देणारं डायव्हिंगचं यंत्र) दोन तासांची डाईव्ह करून वर आलो की जबडा इतका अवघडलेला असायचा की पाणी प्यायला तोंड उघडलं तरी कानापाशी कळ यायची. ओपन सर्किटवर (साधी टाकी, श्वास बुडबुड्यांत सोडून द्यायचा) असताना हे कधी जाणवलंच नाही कारण तिथे टाकीच आधी संपते, इथे गॅस पुरतो आणि जबडा पुरत नाही! म्हणून शेवटी गरम पाण्यात मऊ करून आपल्या दातांवर बसवायचा तो माऊथपीस घेतला, वीसेक डाईव्ह झाल्या आता त्यावर.

पहिल्यांदा बसवताना माती केली. सांगितलेल्या सेकंदांपेक्षा जास्त वेळ उकळत्या पाण्यात ठेवला आणि वर असा काही चावला की दातांमधला भाग कागदासारखा पातळ झाला. नशीब परत गरम केलं की परत मऊ होतं. दुसऱ्या खेपेला मान सरळ ठेवली, डीएसव्ही (माऊथपीस ज्यावर बसतो तो उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह) तोंडासमोर ज्या अँगलला असतो तसाच धरला, चावा अगदी हलका, ओठ मिटून हवा आत ओढली आणि जिभेने आतून दाबलं. मस्त बसला. मागच्या दाढांपर्यंत टेकू मिळतो त्यामुळे पुढच्या दातांनी पकडून ठेवावं लागत नाही, खरा फरक इथेच पडतो.

पण पहिल्याच डाईव्हला दुखणं निम्मंच कमी झालं, पूर्ण नाही, आणि मी उगाच माऊथपीसला शिव्या घालत बसलो. गडबड होसमध्ये, म्हणजे श्वासाच्या नळ्यांमध्ये होती. लूपचे (श्वास गोल फिरतो त्या बंद मार्गाचे) होस गॅसने भरलेले म्हणजे पाण्यात वर जाणारच, माझे जरा लांब होते, दोन्ही बाजूंनी कमान करून माऊथपीस वर ओढत होते आणि मी दोन तास तो दातांनी खाली धरून बसलेलो. होसवर छोटी वजनं लावली, लांबी थोडी कमी केली (फार कमी केली तर डावीकडे बघताना उजवा कोपरा सुटतो, तेही करून झालंय). शिवाय एका बाजूचा एल्बो (होसचा वाकडा जोड) पिळलेल्या अवस्थेतच आवळला होता, त्याने डीएसव्ही तिरका आणि सगळा भार एकाच बाजूच्या दाढांवर. रिंग सैल केली, होस आपोआप जिथे येतो तिथे येऊ दिला, मग आवळली. बीओव्ही (लूपवरून थेट टाकीच्या गॅसवर जाता येतं असा व्हॉल्व्ह) वापरणाऱ्यांचं उलटं असतं, तो जड असल्याने खाली ओढतो, तेव्हा माझी वजनं डोळे झाकून कॉपी करू नका. आणि लूपला हात लावला की मशरूम व्हॉल्व्हची (श्वास एकाच दिशेने फिरवणाऱ्या झडपांची) दिशा, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह टेस्ट (लूप गळतो का ते बघणं) सगळं परत, त्यात आळस नको.

पट्ट्याबद्दल पण बोलायला पाहिजे. डोक्यामागून येणारा रिटेनिंग स्ट्रॅप बरेच जण काढूनच ठेवतात, मी पण ठेवायचो. युरोपच्या ईएन 14143 स्टँडर्डच्या 2013 च्या आवृत्तीत तो सक्तीचा आहे. फ्रेंच सैन्यातल्या डायव्हर्सचे 1979 ते 2009 मधले 153 रिब्रीदर अपघात तपासले तर 54 जण बेशुद्ध झाले होते पण मेले 3 च, आणि त्यामागे हा पट्टा आणि शेजारी असलेला बडी (जोडीदार डायव्हर) ही कारणं धरली जातात. बेशुद्ध माणसाच्या तोंडातून लूप सुटला तर पाणी थेट फुफ्फुसात आणि लूपमध्ये, स्क्रबरची (श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा भाग) पण वाट लागते. मी तो परत लावला तो खरं तर या भीतीने, पण आराम फुकटात मिळाला, नीट आवळला की ओठ फक्त मिटलेले ठेवायचे, चावायचं कामच उरत नाही.

तक्रारी दोन. माझ्या डीएसव्हीच्या तोंडावर हा चढता चढत नव्हता, साबणाचं पाणी लावून चढवावा लागला. आणि तो आवळून बांधायच्या झिप टायचं कापलेलं टोक ओठाला घासत होतं, ते बाजूला फिरवून अगदी सपाट कापलं.

अजून एक, बेलआऊट रेग्युलेटरवर (रिब्रीदर बिघडला तर तोंडात घ्यायचा तो) जुनाच माऊथपीस होता, सरावात लूप बंद करून त्यावर गेलो तर तोंडात काहीतरी परकं आल्यासारखं वाटलं आणि ओठाच्या कोपऱ्यातून पाणी आलं. म्हणून त्याच्यासाठी दुसरा मागवलाय. तुम्ही घ्याल तेव्हा दोन घ्या, पण त्याआधी एकदा पूलमध्ये उतरून जबडा सैल सोडून बघा, माऊथपीस कुठल्या बाजूला पळतो ते. वर किंवा तिरका पळत असेल तर आधी होस, मग खरेदी.